कोलटकरांची जेजुरी आणि आत्यांचे प्रश्न

आमच्या घरात कवी अरुण कोलटकरांचे दोन वाचक आहेत. एक मी आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांनी कोलटकरांचं एकही पुस्तक आजवर उघडलेलं नाही. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं. मी वाचते, चुलीपाशी नाहीतर भाजी निवडताना त्यांना मराठीत सांगते, त्या ऐकतात आणि असा एखादा प्रश्न टाकतात की मला परत पुस्तक काढावं लागतं. या लेखात जे काही बरं निघेल त्यातलं निम्मं त्यांचं.

माझं काम मुद्रितशोधनाचं. सासवडहून पुण्याला एसटीनं जायचं, दिवसभर लोकांच्या वेलांट्या सुधारायच्या आणि संध्याकाळी परत. तीस वर्षं हेच चाललंय. कवितांची प्रुफं फार कमी येतात. आली तरी त्यात दुरुस्त्या करू नका असा निरोप आधीच आलेला असतो. सासर खंडोबाचं. जेजुरी आमच्यापासून एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाची वाट. तेव्हा ही तटस्थ समीक्षा नाही. ज्याच्या कुलदैवतावर कुणी परक्या भाषेत पुस्तक लिहिलंय त्या घरातून हे लिहितेय.

आधी 'जेजुरी'बद्दल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. हे इंग्रजी पुस्तक 1976 साली आलं आणि 1977 मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. चोपडंच आहे म्हणा ना. कविता एकतीस, तासाभरात वाचून होतात. मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा मला त्यातलं फक्त तिरकस हसू दिसलं होतं. एसटीच्या पोटात धरलेला ताजा यात्रेकरू आणि त्याची वाट बघत सुपारी चघळणारा पुजारी. बस मांजरासारखी हसत उभी राहते आणि दातात भक्त. वर्गात आम्ही सगळे हसलो होतो. सर म्हणाले, "हा श्रद्धेचा उपहास आहे." आम्ही ते वहीत उतरवून घेतलं.

मग 1991 मध्ये लग्न झालं आणि देवदर्शनाला गडावर जाणं आलं. रिवाजाप्रमाणं नवऱ्यानं मला उचलून पाच पायऱ्या चढायच्या होत्या. आमचे हे तेव्हा काडीपैलवान. तिसऱ्या पायरीलाच घाम, चौथ्याला थांबले, पाचवी कशीबशी. खाली नणंदा हसतायत, वर दुकानदार भंडारा उधळतायत, माझ्या डोळ्यांत हळद गेलेली. आणि त्या गोंधळात मला पुस्तकातली ती म्हातारी आठवली. बाही धरून मागं लागणारी, पन्नास पैसे मागणारी, घोड्याच्या नालाच्या देवळापर्यंत नेते म्हणणारी. कारण तशीच एक आमच्या मागं लागली होती. बाकी काय करणार ती त्या डोंगरावर?

घरी आल्यावर ती कविता आत्यांना सांगितली. म्हातारी काही सोडत नाही. कवी वैतागून वळतो, तिच्या डोळ्यांत बघतो आणि त्या डोळ्यांतून आरपार आभाळ दिसतं. मग डोंगराला तडा जातो, देवळांना तडा जातो, आभाळ फुटून पडतं आणि शेवटी तिच्या हातावरच्या सुट्ट्या पैशांइतकाच उरतो तो. मी जरा रंगवून सांगितलं. आत्या वांगं भाजत होत्या. चंपाषष्ठीचं भरीत होतं ते, चातुर्मासभर वांगं आमच्याकडं वर्ज्य. त्यांनी वांगं फिरवलं आणि विचारलं, "मंग दिलं का त्यानं पैसं?"

मला सांगता येईना. पुस्तक काढलं. कवितेत दिल्याचं कुठंही म्हटलेलं नाही. पण तोच सुटे पैसे झालाय म्हटल्यावर देणं-घेणं उरलंच कुठं, असं मी काहीतरी बोलले. आत्या म्हणाल्या, "आगं पण तिला काय मिळालं?"

तेव्हापासून माझ्या मनात कोलटकरांना लावायची कसोटी ठरून गेली. ते बघतात ते बरोबर, पण ज्याच्याकडं बघतात त्याला काय मिळतं? त्यांची पुस्तकं ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं मी वाचली आणि मला वाटतं, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. जेजुरीपासून 'भिजकी वही'पर्यंत ते त्याच प्रश्नावर चालत आलेत.

'जेजुरी'वरचा नेहमीचा आक्षेप वाचकांना ठाऊक असेल. भालचंद्र नेमाड्यांनी म्हटलंय की कवी शनिवार-रविवारच्या पर्यटकासारखा येतो आणि निघून जातो. मी पूर्वी या आक्षेपावर चिडायचे. आता अर्धा मान्य करते, पण वेगळ्या कारणानं. पुस्तकाचा क्रम बघा. पहिल्या कवितेत एसटीच्या खिडक्यांना ताडपत्री बांधलेली, बाहेर थंड वारा, कवी पहाटेची खूण शोधतोय. शेवटी रेल्वे स्टेशन आणि मावळता सूर्य. एका दिवसाचा हिशेब. आणि खंडोबाच्या घरचा माणूस लगेच विचारील: रात्र कुठंय? खंडोबाचं जे काही खरं आहे ते रात्री असतं. उसाच्या पाच टिपऱ्यांचा चौक, दिवटी, दिमडी आणि तुणतुण्याचा नाद, वाघ्या कथा लावतो, मुरळी घोळ, म्हणजे घंटी, वाजवत पुढं येते, बाणाईच्या मेंढ्या, देवाचं चाकरीला राहणं, म्हाळसेचा रुसवा आणि पहाटे लंगर, म्हणजे साखळी, तुटला की मगच घरचे लोक अंथरुणाला पाठ टेकतात. कोलटकर संध्याकाळच्या गाडीनं गेले. जागरण राहिलं.

वाघ्या-मुरळीवर त्यात कविता नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. दोन गाणी आहेत आणि वाघ्याचं गाणं तर अंगावर येतं. भंडाऱ्याची पिशवी कशाच्या कातड्याची, हे तो ज्या थंडपणे सांगतो ते मी आत्यांना आजवर सांगितलेलं नाही. त्यात आई आहे.

म्हाळसेच्या दगडाचं सांगितलं तर तेवढ्यावरच जुंपली. एका कवितेत पुजाऱ्याच्या तोंडून येतं की तो भलामोठा दगड म्हणजे खंडोबाची बायको, आणि त्यावरची भेग म्हणजे रागाच्या भरात देवानं मारलेल्या तलवारीचा घाव. आत्या एकदम ताठ झाल्या. "म्हाळसाला तरवार? कोण म्हणतं? कुठल्या पुजाऱ्यानं सांगितलं त्याला?" मी म्हटलं, गडावरच्याच कुणीतरी. "मंग त्याला दक्षिणा कमी पडली आसंल." या कवितेच्या शेवटाला कोलटकर म्हणतात की इथं दगड नखानं खरवडला तरी कथा उसळून येते. आत्यांचा मुद्दा तोच होता, फक्त त्यांना ती कथा खरवडणाऱ्याच्या नखातली वाटली.

उलट 'बुटकं देऊळ' म्हणता येईल अशी जी कविता आहे ती त्यांना फार आवडली. अंधारात काडी ओढली की देवी दिसते, काडी विझली की जाते. पुजारी म्हणतो अष्टभुजा. कवी मोजतो तर हात अठरा. पुजारी आपला अष्टभुजाच म्हणत राहतो. सरांनी वर्गात ही कविता 'पुजाऱ्याचं अज्ञान' म्हणून शिकवली होती. आत्या म्हणाल्या, "आपल्या वाड्यातल्या धाकट्या काकू न्हाईत का, सगळ्यांत मोठ्या हायेत. पण नाव पडलं की पडलं." एवढं साधं उत्तर मला कुठल्या समीक्षेत सापडलं नाही. देवीचं नाव ही मोजणी नाही, ती हाक आहे. आणि मला आता वाटतं, कोलटकरांनाही हे कळलेलं होतं. त्यांनी पुजाऱ्याला खोटं पाडलेलं नाही. ते बाहेर येतात, उजेडात सिगारेट पेटवतात, आणि मुलं कासवावर खेळत असतात. बस्स.

या पुस्तकाला उपहास म्हणणाऱ्यांनी यशवंतराव परत वाचावा. आम्हाला तो देव घरचा. गडावर मुख्य देवळात नाही, बाहेर आहे. हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही; नुसता काळ्या दगडाचा गोळा, शेंदूर माखलेला. मोडलेलं हाड जुळवणारा. बाकीचे देव कसे आहेत, कोण आत्मा मागतं, कोण सोनं मागतं, कोण मैलभर रांगायला लावतं, हे सांगून झाल्यावर कवी म्हणतो की तुमचा हात-पाय गेला असेल तर हा बघा. हसू आहेच. पण ज्या मायेनं ते या बिनहाताच्या देवाकडं वळतात ती बाकीच्या देवांच्या वाट्याला येत नाही. 2008 साली आत्यांचं मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर घालून आधी यशवंतरावापुढं नेलं होतं, मग घरी. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले वयाच्या मानानं छान जुळलं. आत्या म्हणाल्या त्यांचाबी हात हाय त्यात.

मी पेशानं अक्षरांकडं बघणारी, म्हणून पुस्तकाच्या अंगाबद्दलही बोलते. कोलटकर जे. जे.त चित्रकला शिकलेले, जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नाव काढलेले. पानावर शब्द कुठं बसवायचा, ओळ कुठं तोडायची, पांढरं किती सोडायचं हे त्यांच्या हाडात आहे. उंबरठ्यावरची कविता चारच ओळींची. उंबरठा नव्हेच तो, आडवा पडलेला खांब. चार ओळींखाली उरलेलं कोरं पान मला नेहमी त्या खांबावरच्या उरलेल्या देवळासारखं वाटतं, पडून गेलेल्या.

दुसऱ्या एका कवितेत स्टेशनकडं जाताना ज्वारीच्या रानात कोंबडे-कोंबड्या नाचतात. तिथं वर आणि खाली हे शब्दच पानभर उड्या मारतात. ओळी नाहीत, नुसता धिंगाणा. पण तो धिंगाणा मोजून मांडलेला आहे, एकेक शब्द हाताने ठेवल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी मी माझी जीर्ण प्रत जपून ठेवावी म्हणून ऑनलाइन दुसरी मागवली. आली ती चक्क झेरॉक्सवरून छापलेली चोरटी प्रत. कागद पिवळट, समास कापलेले, आणि या कवितेत सगळ्या कोंबड्या डाव्या समासाला रांगेत उभ्या केलेल्या! कुणीतरी मजकूर संगणकावर नव्यानं जुळवला आणि बटण दाबून नीट डावीकडं लावून टाकला. शाळेची प्रार्थना चाललीय जणू. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की पुस्तक पूर्ण आहे, मजकूर तपासून घ्यावा. मजकूर पूर्ण होता, हे खरं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा विकत घेणार असाल तर दुकानात जाऊन आधी ते पान उघडून बघा. कोंबड्या उडत असतील तर घ्या.

स्टेशनवरच्या शेवटच्या कविता तर मला देवळांवरच्या कवितांहून जास्त देवाधर्माच्या वाटतात. फलाटावरचं खरजलेलं कुत्रं हाच इथला आत्मा. स्टेशनमास्तर एका पंथाचा, बुकिंग क्लार्क पुढच्या गाडीच्या तत्त्वज्ञानावर श्रद्धा ठेवणारा. वेळापत्रक हा त्यांचा ग्रंथ. ज्यानं पुणे-मिरज मार्गावरच्या लहान स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत दुपार घालवलीय त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आता पुढची वाट. आमच्या दारावरून दर आषाढात माउलींची पालखी जाते. दिवेघाट चढून सासवडला दोन मुक्काम, मग जेजुरी, मग वाल्हे. जेजुरीत वारकऱ्यांवर भंडारा पडतो. बुक्क्यावर हळद. त्या वाटेवर जेजुरी आधी लागते आणि पंढरपूर नंतर. कोलटकरही त्याच क्रमानं गेले हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जेजुरी सत्तरच्या दशकात. पंढरी 2003 च्या आसपास, 'चिरीमिरी'त.

'चिरीमिरी' मराठीत आहे आणि मला कोलटकरांच्या पुस्तकांत सर्वांत जवळची. भजन गाणारे बळवंतबुवा त्यात बोलतात. त्यांच्याबरोबर पंढरीला निघालेल्या बायका आहेत, धंदा करणाऱ्या. वारीवर आपल्याकडं ढिगानं लिहिलं गेलंय, त्यातलं बरंचसं मी स्वतः तपासलंय. टाळ, मृदंग, चंदनाचा गंध, अवघा रंग, आणि कव्हरवर पताका. या पुस्तकात तसला गंध नाही. इथं विठोबाशी बोलणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलावं तसं रोखठोक बोलते आणि त्यातच तिची भक्ती आहे. पंढरीच्या देवळाच्या दाराशी शतकांपूर्वी चोखोबा उभे होते, कान्होपात्रा आत जाऊन पडली होती. त्याच दाराशी या बायका आलेल्या बघून मला परत आत्यांचा प्रश्न आठवला. तिला काय मिळालं? इथं उत्तर आहे. तिला तोंड मिळालं. कोलटकर स्वतः बाजूला झाले आणि तिचा आवाज तसाच लावला, एकही वेलांटी न सुधारता. मुद्रितशोधकाच्या दृष्टीनं सांगते, बोलण्यातली अशुद्धं जशीच्या तशी छापायला शुद्ध छापण्यापेक्षा दुप्पट कान लागतो.

पालखीच्या दिवशी आमच्या ओसरीवर बायका टेकतात, पाय चेपून घेतात, चहा पितात. एका वर्षी त्यांतल्या एकीला आत्यांनी विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" ती म्हणाली, "पुण्याच्या, पण कुठल्या ते न विचारलेलं बरं." आत्यांनी न विचारता पोहे वाढले. आत गेल्यावर मला म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकातली आसंल." मी त्यांना 'चिरीमिरी'तल्या बायकांचं सांगितलं त्याला तेव्हा वर्ष झालं होतं.

'काळा घोडा पोएम्स'वर मी फार थांबत नाही. इंग्रजी आहे, मुंबईचं आहे, त्यावर मुंबईकरांनी बोलावं. एवढंच सांगते की सकाळी रस्त्यावर इडली वाटली जाते त्याचं जे वर्णन आहे ते मला भंडाऱ्याच्या, म्हणजे जेवणावळीच्या, वर्णनासारखं लागलं. आणि चौकातलं बेवारशी कुत्रं आपली वंशावळ सांगताना युधिष्ठिराबरोबर गेलेल्या कुत्र्यापर्यंत पोचतं. जेजुरीच्या स्टेशनवरचं कुत्रं इथं पुराण सांगायला लागलंय, असं वाटून मी हसले.

त्याच वर्षी, 2004 मध्ये, 'सर्पसत्र' हे छोटं इंग्रजी पुस्तक आलं. दोन्ही पुस्तकं प्रास प्रकाशनानं, म्हणजे अशोक शहाण्यांनी काढली. कोलटकर 25 सप्टेंबर 2004 रोजी गेले. 'सर्पसत्र' मी नागपंचमीला आत्यांना सांगितलं, मुद्दाम नव्हे, त्या दिवशी हाताशी तेच होतं. आमच्याकडं नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. दिंडं भरता भरता गोष्ट सांगितली. परीक्षिताला तक्षकानं डसलं. मुलगा जनमेजय राजा झाल्यावर त्यानं यज्ञ मांडला, जगातले सगळे साप आगीत पडावेत म्हणून. वासुकीची बहीण जरत्कारू हे सगळं आपल्या मुलाला, आस्तिकाला सांगते. आपल्या पुराणात ही गोष्ट राजाच्या बाजूनं येते. कोलटकरांनी ती नागिणीच्या तोंडी दिली. खांडववन जाळलं तेव्हा कोण कोण जळालं हे ती सांगते, अर्जुन आणि कृष्ण यांच्यासमोर अजिबात न दबता. आवाज असा की शेजारीण ओट्याला टेकून घरातल्या वडीलधाऱ्यांचं बोलतेय.

आत्यांचा हात थांबला. "चावला एक. मंग सगळी सापं का जाळायची?"

जरत्कारूचं म्हणणं नेमकं तेच आहे. मला त्या वेळी अंगावर काटा आला. इंग्रजीत सांगितलेली महाभारतातली नागीण आणि सासवडच्या स्वयंपाकघरातली म्हातारी एकाच वाक्यावर येऊन थांबल्या. पंचवीस-तीस वर्षांत वर्तमानपत्रांतून एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या जमातीला जाळलेलं आपण किती वेळा वाचलं, हे मी वेगळं सांगत नाही. कोलटकरांनीही सांगितलेलं नाही.

आता 'भिजकी वही'. 2003 साली आली, पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. जाडजूड ग्रंथ आहे, आणि मी तो दोनदा अर्धवट सोडला. प्रामाणिकपणे सांगते. जगभरातल्या रडणाऱ्या, रडवल्या गेलेल्या बायका एकत्र आणल्यात. नवऱ्याचे तुकडे गोळा करत फिरणारी इसिस, ट्रॉयची कासांद्रा जिचं कुणी ऐकत नाही, अलेक्झांड्रियाची हिपेशिया, राबिया, अपाला, पैंजणासाठी मदुरा जाळणारी कण्णगी, लैला, व्हिएतनाममधली जळालेली किम. वाचणाऱ्याला यांतल्या निम्म्या माहीत नसणार. मला नव्हत्या. संदर्भ ठाऊक नसला की कविता गाळात रुतल्यासारखी अडते, आणि काही ठिकाणी कवीचा अभ्यास अश्रूंच्या पुढं चालतो. हिपेशियाला ज्या तऱ्हेनं मारलं त्याचे तपशील वाचताना मी पुस्तक मिटलं ते महिनाभर उघडलं नाही. हा दोष म्हणायचा की गुण, मला ठरवता आलेलं नाही. लांबीचा मात्र दोषच म्हणेन. शंभरएक पानं कमी असती तर वही जास्त भिजली असती.

नादेझ्दापाशी मी परत आत शिरले. रशियन कवी मांदेलश्ताम याची ही बायको. नवऱ्याला पकडून नेलं, तो छावणीत मेला, त्याच्या कविता कागदावर ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून तिनं त्या वर्षानुवर्षं पाठ करून डोक्यात ठेवल्या. हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या दळणाच्या ओव्या म्हणत होत्या. जातं कधीच गेलं, गिरणीला दळण देतो, पण दळण पाखडताना ओवी येतेच. त्यांच्या डोक्यात खंडोबा-बाणाईच्या किती ओव्या आहेत मोजलेल्या नाहीत. लिहून एकही नाही. माझ्यासारखी कागदावर पोट भरणारी सून घरात असून मी एकही उतरवून घेतलेली नाही. त्या रात्री वही घेऊन बसले तर आत्या म्हणाल्या, "दळण न्हाई तर आठवत न्हाई." मग तांदूळ पाखडायला घेतले, निवडून झालेलेच.

या पुस्तकाचं नाव मला फार काळ कळलं नव्हतं. तुकोबांची वही इंद्रायणीत बुडवली आणि तेरा दिवसांनी कोरडी निघाली, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. देहूचा तो डोह दाखवतातही. कोलटकर तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारे, त्यांच्या हातून तुकोबा कुठंही सुटत नाहीत. इथं शेवटी त्यांचं मागणं उलटं आहे: वही कोरडी ठेवू नकोस. भिजू दे, शाई फुटू दे, अक्षरं विरघळू दे. मी तीस वर्षं अक्षर फुटू नये म्हणून डोळे फोडलेत. हे मागणं वाचून मला प्रथम रागच आला. मग आठवलं की आत्यांच्या ओव्या कुठल्याच वहीत नाहीत, नदीत बुडवायला वहीच नाही, तरी त्या तशाच्या तशा आहेत.

'द्रोण' हे त्यांचं आणखी एक पुस्तक मी एकदाच वाचलंय, तेही घाईत. त्यावर मत द्यायला परत बसावं लागेल.

मग कुठून सुरुवात करावी, असं मला प्रेसमधली मुलं विचारतात. इंग्रजी जमत असेल तर 'जेजुरी', पण जेजुरीला जाऊन, गडावर नाही तर निदान स्टेशनवर बसून. इंग्रजीचा कंटाळा असेल तर सरळ 'चिरीमिरी'. 'भिजकी वही' घरात असू द्या, सलग वाचू नका. एक बाई एका वेळी, आणि जवळ माहीतगार कुणी नसेल तर आधी तिची गोष्ट शोधून मग कविता. 'सर्पसत्र' एका बैठकीत होतं. 1977 चं 'अरुण कोलटकरच्या कविता' हे शेवटाला ठेवा. ते सर्वांत अवघड आहे आणि त्यात तीर्थयात्रा शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही, मात्र 'मै भाभीको बोला' ही कविता मिळेल, आणि तेवढ्यासाठीही ते घेण्यासारखं आहे.

माझ्या जुन्या 'जेजुरी'त म्हातारीच्या पानावर भंडाऱ्याचा पिवळा अंगठा उमटलाय. तो आत्यांचा. गेल्या सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर गेली तेव्हा पुस्तक पिशवीत होतं. आत्या पायथ्याशीच बसल्या होत्या, गुडघ्यांनी आता चढवत नाही. एक बाई पैसे मागत आली. आत्यांनी दहाची नोट काढून दिली, आणि माझ्याकडं बघून पुस्तक मागितलं, उलटंसुलटं करून बघितलं, परत दिलं.

'जेजुरी' कुणाला हवं असेल तर वाचायला देईन, ती उडत्या कोंबड्यांचीच प्रत. 'चिरीमिरी' मात्र मागू नका. मागच्या खेपेला नेली ती अजून आलेली नाही, आणि नेणाऱ्यानं फोन उचलणंही बंद केलंय.